चोवीस शिंगांपैकी बारा

हिरडाटोला, ता. तिरोडा
१४ जून २००७

भूमेश्वरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझा पत्ता तुझ्या मावसभावाने दिला, तो मला कुडव्याला भेटला होता. त्याला काही बोलू नकोस, मीच मागे लागले होते.

पत्राचं कारण शेत आहे. तुम्ही दोघं नागपूरला गेलात त्याला आता दीड वर्ष झालं. तुमच्या वाट्याचं अडीच एकर हेच, तुझे भासरे, वाहतात. सातबारा अजून दोघा भावांचा एकत्रच आहे, पण धानाच्या तुमच्या बांध्या कोणत्या ते सगळ्या गावाला माहीत आहे. मागच्या साली त्यांनी तिथे युरिया टाकला. मी काही बोलले नाही.

या साली नांगरणी चालू होती तेव्हा मी शिदोरी घेऊन गेले होते. आमच्या बांधीत ढेकळं निघत होती, कुऱ्हाडीच्या पाठीकडच्या तुंब्याने फोडावी लागतील अशी. धुऱ्यापलीकडे तुमच्या बांधीत नांगराच्या मागे माती आपोआप मोकळी होत होती. त्यात गांडुळं होती. नांगर हाकणारा भैय्यालाल बैल थांबवून बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हे माती अजून त्याइचीच हाये." तुझ्या भासऱ्यांनी ते ऐकलं. "नांगर हाक," एवढंच म्हणाले.

चोरखमारा तलावाचं पाणी या साली उशिरा सुटणार म्हणतात. माझी अंगणवाडी चालू आहे, पटावर बावीस मुलं आहेत.

गावात जे झालं त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्या वेळी सगळ्यांचीच डोकी फिरली होती. लोक आता विसरले आहेत. तुमच्या शेतात काय पेरायचं ते तुम्ही कळवलंत तर मी यांच्या कानावर घालीन.

फुलवंता


हिरडाटोला
२२ जुलै २००७

भूमेश्वरी,

तुझं उत्तर आलं नाही. रोवणी उरकली.

एक गोष्ट तुला विचारून करायला पाहिजे होती, पण विचारायची सोय नव्हती. तुमच्या बंद खोलीत कोठीच्या मागे पोत्यात गुंडाळलेलं मडकं सापडलं. झाकण काढलं तर आत शिंगखत होतं, दोन ओंजळी तरी. थोडं कोरडं पडलं होतं. वास शेणाचा नव्हता, जंगलातली पानं कुजून माती होते तिचा होता. तूच सांगायचीस की असा वास आला म्हणजे खत उतरलं.

मी ते वापरलं. रोवणीच्या आधी, चिखलणी व्हायची होती तेव्हा. तू शिकवलं होतंस तसंच केलं. एकराला चिमूटभर खत, तेरा लिटर पाणी, काठीने एका बाजूने ढवळायचं, पाण्यात खोल भोवरा पडला की उलट्या बाजूने, असं तासभर. तुझ्याबरोबर ढवळायचे तेव्हा तास कधी जायचा कळत नव्हतं, कारण आपण बोलत असायचो. एकटीने ढवळलं की तास लांब असतो. दिवस मावळता मावळता कडुलिंबाची डहाळी बुडवून शिंपडत गेले. फक्त तुमच्या बांध्यांत. आमच्यात नाही.

तुझ्या भासऱ्यांनी परत येताना बघितलं. "काय करून राहिली?" म्हणाले.

"काही नाही. किड्यासाठी लिंबाचं पाणी."

त्यांनी बादलीत बघितलं आणि पुढे गेले. त्यांना कळलं असेल.

मागच्या पत्रात मी लिहिलं की सगळ्यांचीच डोकी फिरली होती. माझं डोकं फिरलं नव्हतं. ते तुला माहीत आहे, पण मी लिहून टाकते.

त्या साली, म्हणजे २००५ च्या नवरात्रात, आपण चोवीस शिंगं भरली. भैय्यालालने मेलेली ढोरं टाकतात तिकडून गोळा करून आणलेली, व्यालेल्या गाईंचीच, बुडाशी वळी असलेली. तुमच्या मागच्या ओसरीत बसून आपण दोघींनी ओलं शेण त्यात ठासलं. बारा तू भरलीस, बारा मी. मोजायचं कारण असं की तू म्हणालीस, बघू कोणाची आधी होतात. तुझ्या भुवनेश्वरने रोपं टाकतो त्या पऱ्ह्याच्या उंच कोपऱ्यात हातभर खड्डा केला आणि आपण ती तोंड खाली करून मांडली. ते तिसरं वर्ष होतं. आधीच्या दोन वर्षांत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मग परतीचा पाऊस लागला आणि ढोरं मरायला लागली. गळा सुजायचा, श्वास घरघरायचा, दुसऱ्या दिवशी खेळ संपला. सहा दिवसांत सात जनावरं गेली. त्यातच कुत्र्याने तुमच्या शेतातलं एक शिंग उकरून गल्लीत आणून टाकलं. रुख्माच्या जोडीतला एक बैल त्याच सकाळी मेला होता. तिने शिंग बघितलं, आतलं शेण बघितलं, आणि ओरडत निघाली. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. गाईचं शिंग, आत काहीतरी ठासलेलं, जमिनीत पुरलेलं, आणि गावात ढोरं मरून राहिलेली. तिने दुसरं काय समजावं?

बुधवारी दिवस मावळताना मंदिरापुढे सगळे बसले. पंचांतल्या कवडूने विचारलं, "हे कोणं गाडलं?"

तू उठलीस. "मीनं गाडली. खत हाये ते. करणी नाही." आणि माझ्याकडे बघितलंस. मी चटईच्या काठाकडे बघत राहिले. भुवनेश्वर बोलायला उठला तर यांनीच आपल्या धाकट्या भावाचा हात धरून त्याला खाली बसवलं.

भैय्यालालही गप्प राहिला. पण त्याने तोंड उघडलं असतं तर लोकांनी त्याचं घर जाळलं असतं. माझं घर कोणी जाळणार नव्हतं. मी दहावी शिकलेली, अंगणवाडीची मॅडम. मी म्हटलं असतं की त्यातली बारा माझी आहेत, तर निदान लोक थांबले असते.

फुलवंता


हिरडाटोला
९ एप्रिल २००८

भूमेश्वरी,

तुमच्या अडीच एकरात धान चांगला झाला. काय आलं ते तुझे भासरे सांगत नाहीत, पण पोती मोजताना ते दोनदा थांबले.

जुलैचं पत्र टाकल्यावर मला बरं वाटलं होतं. पंधरा दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं, मी सोपी गोष्ट लिहिली आणि अवघड गोष्ट ठेवून दिली. बारा शिंगांचं तुला आधीच माहीत होतं. हे माहीत नाही.

मंदिरापुढे लोक बसले त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, जनावरांचे डॉक्टर आपल्या टोल्यावरून गेले. ग्रामपंचायतीला कुलूप होतं. अंगणवाडी उघडी होती म्हणून ते माझ्याकडे आले. उभ्या उभ्या एक कागद लिहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळ्यांना वाचून दाखवा. आज ना उद्या, नक्की." कागद माझ्याकडे आहे. जसा आहे तसा लिहिते:

"घटसर्पाची साथ आहे. आजारी जनावरे वेगळी बांधावी. बाकी सर्व जनावरे गुरुवारी सकाळी नऊ वाजता नहराच्या पुलावर आणावी. लस मोफत आहे."

बुधवारी मी मंदिरापुढे बसले तेव्हा हा कागद हजेरीच्या वहीत होता आणि वही माझ्या मांडीवर होती.

मी तो का वाचला नाही, याची कारणं मी अडीच वर्षं वेगवेगळी सांगून बघितली, स्वतःलाच. बायका अंगणवाडीत मुलं पाठवणार नाहीत ही भीती होती, ते खरं आहे. पण कागद वाचायला भीती कशाची? त्यात माझं नाव नव्हतं, तुझंही नव्हतं. कागद वाचला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं.

ते इतक्यात मिटू नये असं मला वाटलं. त्या उन्हाळ्यात सेंद्रिय शेतीच्या शिबिराची माणसं तुझी शेती बघायला आली होती. त्यांनी तुला बांधीवर उभं करून बोलायला लावलं. पेपरात तुझा फोटो आला, खाली 'बायोडायनॅमिक शेती करणारी शेतकरी महिला' असं लिहिलेलं. फोटो काढत होते तेव्हा मी चुलीपाशी त्यांचा चहा करत होते. तू म्हणाली होतीस, "बाई, तुम्ही पण या ना." मी गेले नाही, आणि न गेल्याचा राग तुझ्यावर धरला. बुधवारी मला वाटलं, एकदा हिला लोकांपुढे खाली मान घालू दे. मग मी कागद वाचीन. घटकाभराने वाचीन. पण घटकाभरात काय झालं ते तुला माहीत आहे. त्यांनी ठरवलं की तूच आपल्या हाताने शिंगं उकरायची आणि डोक्यावर टोपलं घेऊन वैनगंगेपर्यंत चालत जायचं. तुमच्या विहिरीवर कोणी यायचं नाही, तुमच्या कापणीला कोणी जायचं नाही. त्यानंतर कागद काढणं म्हणजे आतापर्यंत का काढला नाही ते सांगणं.

गुरुवारी सकाळी सगळं गाव तुझ्या मागे नदीवर गेलं. डॉक्टर पुलावर तासभर थांबून निघून गेले. त्यांना आणखी गावं होती. पुढच्या चार दिवसांत आणखी चार जनावरं मेली. रुख्माचा दुसरा बैल त्यात होता. मग डॉक्टर परत आले, घरोघर फिरून सुया टोचल्या आणि साथ थांबली. गावाने मानलं की शिंगं नदीत गेली म्हणून थांबली.

आता तुला सगळं माहीत आहे.

फुलवंता


नागपूर
३ मे २००८

बाई,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. ह्यांना वाचून दाखवली नाहीत, त्यांनी आपणच वाचली.

हे मला कायले लिहून राहिल्या? मी करणी केली नाही, हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना वाचून दाखवा. तुमच्या आवाजात दाखवा. ते केल्याशिवाय पत्र पाठवू नका.

भूमेश्वरी


हिरडाटोला
१९ ऑगस्ट २००८

भूमेश्वरी,

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचलं. झेंडावंदनानंतर, शाळेच्या पटांगणात. साठ-सत्तर माणसं असतील. आधी डॉक्टरांचा कागद वाचला, मग मी तुला लिहिलेलं एप्रिलचं पत्र, जसंच्या तसं. नक्कल मी ठेवली होती. फोटोची गोष्टही वाचली. ती गाळावी असं वाटलं होतं.

मधेच कवडू म्हणाला, "मॅडम, हे आता काऊन काढून राहिल्या? तीन वर्षं झाली. कोणाले आठवते?"

"वाचून होऊ द्या जी," मी म्हटलं.

वाचून झालं. तुझे भासरे मागच्या बाजूला उभे होते, ते निघून गेले. मग रुख्मा उठली.

"कागदावर वार कोणता हाये?"

"गुरुवार."

"माहा ढवळ्या शनिवारी मेला."

"हो."

"लस टोचली असती तं वाचला असता का?"

"डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, लशीला काम करायला दिवस लागतात, नक्की सांगता येत नाही. पण बाकीच्यांपासून वेगळा बांधला असता तर वाचला असता कदाचित."

ती म्हणाली, "आमाले वाचता येत नाही म्हणून कागद तुमच्याजवळ देलन त्यानं." मग बसली.

कवडूने विषय पुढे नेला. पण लोक ऐकत नव्हते. शेवटी भैय्यालाल उठला. त्याने ग्रामसभेत बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणाला, "शिंगं मीनं आणली होती. खतासाठीच आणली होती. त्या बाईनं काई केलं नवतं." मग एकदोघी म्हणाल्या, तेव्हाही आमाले तसंच वाटलं होतं. ते खोटं आहे, पण मी काय बोलणार?

आज अंगणवाडीत बावीसपैकी पाच मुलं आली. पर्यवेक्षिका बाईंनी लेखी खुलासा मागितला आहे. घरी मी ताट वाढून ठेवते, तुझे भासरे जेवतात, बोलत नाहीत. काल रात्री फक्त एवढं म्हणाले, "माहा भावाचा हात मीनं धरला होता. ते काऊन नाही वाचलं?"

मी म्हटलं, ते तुमचं आहे, तुम्ही वाचा.

फुलवंता


हिरडाटोला
२ फेब्रुवारी २००९

भूमेश्वरी,

तू येऊन गेलीस त्याला आठ दिवस झाले. बोलता आलं नाही ते लिहिते, पण थोडंच.

तलाठी, कवडू आणि दोघे भाऊ धुऱ्यावर उभे राहून वाटणीची मोजणी करत होते, तेव्हा तू एकटीच बांधीत फिरत होतीस. खाली वाकून माती हातात घेत होतीस, दाबत होतीस, सोडत होतीस. तुला काय दिसलं ते मी विचारलं नाही. युरियाचं एक साल सोडलं तर मी तिथे फक्त शेणखत जाऊ दिलं होतं. रोवणीआधी हिरवळीच्या खतासाठी ढेंचा पेरून चिखलात गाडायला लावला होता. गाडायच्या आधी तो कंबरेएवढा झाला होता. हे तुला सांगायचं होतं. मग वाटलं, माती चांगली ठेवली असं सांगणं म्हणजे त्याच्या बदल्यात काही मागणं.

कवडू तुला म्हणाला, "पोरी, घरी चाल, चहा घे." तू म्हणालीस, "मी शेत पाहाले आली."

मग माझ्याजवळ येऊन विचारलंस, "तो कागद आणला का?"

"आणलाय."

"नक्कल का खरा?"

"खरा."

तू उभ्यानेच वाचलास. चार ओळी वाचायला तुला बराच वेळ लागला. "शाई अजून चांगली हाये," म्हणालीस. घडी घालून पर्समध्ये ठेवलास. मी काहीतरी बोलायला गेले, तर तू म्हणालीस, "आज नको, बाई. चारची बस हाये." बस गेल्यावरही बराच वेळ सडकेवर उभी होते, हेही लिहायचं कारण नव्हतं.

वाटणी झाली, फेरफार लागेल. तुमचं अडीच एकर आता कागदावरही तुमचं आहे. तुझ्या भासऱ्यांनी सही केली आणि भुवनेश्वरला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला कोणी सांगितलं नाही. पण घरी आल्यावर ते दोन तास ओसरीवर बसून होते आणि त्यांनी आपण होऊन माझ्याकडे पाणी मागितलं.

फुलवंता


हिरडाटोला
२० सप्टेंबर २००९

भूमेश्वरी,

भुवनेश्वर तुला फोनवर सांगत असेलच, तरी माझ्या नजरेने लिहिते. तो जूनपासून इथे आहे. तुझी कॅन्टीनची नोकरी सोडू नये असं तुमचं ठरलं, ते बरं केलंत. पहिलं साल कसं जाईल कोणी सांगावं? या साली पाऊस दगा देऊन राहिला. नहराला पाणी नाही म्हणण्यासारखंच आहे. आमच्या बांध्यांना भेगा पडल्या. तुमच्या बांधीत अजून ओल धरून आहे. लोक येऊन बघतात, काठी खुपसून बघतात आणि जातात.

नवरात्र लागलं आहे. काल त्याने शिंगं भरली. लपून नाही, शेतात ताडपत्री अंथरून, दिवसाढवळ्या. नऊ बाया शिकायला गेल्या होत्या. रुख्मा पहिली गेली. शामकला गेली, नंदाबाई गेली. मला कोणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही. शाळेच्या ओट्यावरून दिसत होतं. रुख्मा शेण असं ठासत होती की शिंग फुटेल, आणि तो हसून तिला काहीतरी सांगत होता. तो हसला म्हणून लिहिलं.

अंगणवाडीत आता एकोणीस मुलं येतात. माझी नोकरी राहिली. एक पगारवाढ थांबली.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. भुवनेश्वर शेतातल्या खोपडीत राहतो आणि आपल्या हाताने रांधतो. भैय्यालाल सांगतो, एकदा भात करतो आणि दोन दिवस तोच खातो. तो वाळला आहे. गळ्याची हाडं दिसतात. तुझे भासरे रोज संध्याकाळी खोपडीपर्यंत जातात, धुऱ्यावर दोघं बसतात आणि परत येतात. पण डबा न्या असं ते मला म्हणत नाहीत, आणि मी विचारत नाही.

आमच्या घरापासून खोपडी पाच मिनिटांवर आहे. मी डबा नेऊन ठेवला तर तो घेईल. तो तसाच आहे, ठेवलेल्या ताटाला नाही म्हणणार नाही. म्हणूनच नेत नाही. त्याने घेतला आणि तुला नंतर कळलं, तर ते पुन्हा तुझ्या मागे केल्यासारखं होईल.

तुझा नंबर माझ्याकडे आहे. फोन केला नाही, कारण फोनवर माणसाला नाही म्हणणं जड जातं. सोबत एक पोस्टकार्ड ठेवलं आहे, माझा पत्ता त्यावर घालून ठेवला आहे. हो किंवा नाही, एवढंच लिही. कारण लिहू नकोस. नाही म्हणालीस तर डबा जाणार नाही, आणि मी परत विचारणार नाही.

हो म्हणालीस तर त्याला तिखट किती चालतं तेही लिही. पूर्वी कमी खायचा. आता मला माहीत नाही.

फुलवंता